उन्हाळ्यातलं तळं आणि टाचण्या: पाहण्यापासून फोटोपर्यंत

मे महिन्याच्या मध्यावर आमच्या गावतळ्याचं पाणी निम्म्याच्या खाली गेलेलं असतं. बाहेरच्या कडेला भेगाळलेली माती, तिच्या आत ओला चिखल, चिखलाला लागून लव्हाळ्याचा हिरवा पट्टा आणि मग पाणी. हा हिरवा पट्टा जेमतेम दीड-दोन हात रुंद उरतो. तळ्यावरच्या जवळजवळ सगळ्या टाचण्या, म्हणजे चतुराचे सुईसारख्या बारीक अंगाचे नातलग कीटक, या दिवसांत तिथेच असतात. पावसाळ्यानंतर त्या भातखाचरांत, पाटांत, ओहोळांवर, कुंपणाच्या गवतात पांगतात आणि एकीच्या मागे जाताना दुसरी निसटते.

चतुर-टाचण्यांचा खरा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, असं जाणकार सांगतात. जाती मोजायच्या असतील तर ते बरोबरच आहे. पण ज्याला टाचण्या पाहायला शिकायचंय त्याने एप्रिल-मेमध्ये सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. जाती मोजक्या असतात, त्याच त्या रोज भेटतात, आणि रोज भेटणाऱ्याचा चेहरा पाठ व्हायला वेळ लागत नाही. हा लेख कोकणातल्या आणि देशावरच्या साध्या तळ्यांसाठी लिहिला आहे. महागडा कॅमेरा हवाच असं नाही. पहाटे उठायची तयारी मात्र हवी.

आधी टाचणी कोणती ते ठरवू

गावाकडे मुलं चतुर आणि टाचणी दोघांनाही ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. चतुर बसला की पंख विमानासारखे दोन्ही बाजूंना पसरून ठेवतो. टाचणी ते पाठीवर मिटून घेते. दुसरी खूण डोक्याची. बहुतेक चतुरांचे डोळे इतके मोठे असतात की डोक्यावर एकमेकांना टेकतात. टाचणीचे डोळे दोन टोकांना असतात आणि मध्ये मोकळी जागा राहते, त्यामुळे वरून पाहिलं तर डोकं आडव्या डमरूसारखं दिसतं. चतुराचा मागचा पंख बुडाशी पुढच्यापेक्षा रुंद असतो, टाचणीचे चारही पंख जवळजवळ एका मापाचे असतात.

अपवाद आहेत. लेस्टिड कुळातल्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात, तर काही चतुरांचे डोळे एकमेकांपासून दूर असतात. अशा वेळी एकाच खुणेवर विसंबू नका, दोन-तीन खुणा जुळवून पाहा.

जागा

तळं मोठं असण्याची गरज नाही. टाचणीची मादी अंडी सहसा वनस्पतीच्या देठात किंवा पानात टोचून घालते. त्यासाठी तिच्या पोटाच्या टोकाशी सुरीसारखा अवयव असतो. म्हणून पाण्यातून वर आलेलं गवत, लव्हाळा, पाणकणीस, कुमुदाची पानं असं काहीतरी तिला लागतंच. दगडी बांधाचं, आतून स्वच्छ केलेलं तळं माणसाला छान वाटतं, पण टाचणीला तिथे काही काम नसतं. जलपर्णीने पूर्ण झाकलेलं पाणीही उपयोगाचं नाही, मधे मोकळं पाणी दिसायला हवं. धरणाच्या ज्या काठाची पातळी सतत वरखाली होते आणि जिथे गवत रुजतच नाही, तिथेही वेळ घालवू नका.

मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे एका बाजूला झाड, त्याच्या सावलीत पाण्याची कड, आणि पलीकडे उन्हात गवताचा पट्टा. सावलीतल्या आणि उन्हातल्या अशा दोन्ही प्रकारच्या जाती तिथे बसल्या जागी दिसतात. मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तळ्यासारखी झाडीतली जुनी तळी यासाठी उत्तम. विजयनगरच्या काळात, १५३० मध्ये बांधलेलं हे तळं आजही भरलेलं असतं आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. देशावर नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर आहे. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेलं ते राज्यातलं पहिलं पाणथळ. अभयारण्यात जाण्याआधी वनखात्याचे नियम विचारून घ्या. पण सुरुवातीला इतकं लांब जाऊच नका. घरापासून पंधरा मिनिटांवर जे पाणी आहे ते निवडा, मग तो विहिरीचा पाट असो की पोफळीच्या बागेतली पाणी साठवायची कुंडी. रोज जाता आलं पाहिजे, ही एकच अट.

जागा ठरली की काठावरची दहा पावलं मोजा. उन्हाळाभर तुमचं क्षेत्र एवढंच. सगळ्या तळ्याला फेरी मारणारा माणूस टाचण्या उडवत जातो आणि त्याला त्या पाठमोऱ्याच दिसतात.

वेळ आणि वारा

मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडतं. साडेसहाला काठावर असा. रात्री टाचण्या गवताच्या काडीला अंग चिकटवून झोपतात आणि अंगात ऊब येईपर्यंत फारशा हलत नाहीत. साडेसहा ते साडेसात हा फोटोचा तास. साडेसात ते दहा हा पाहण्याचा वेळ: शिकार, भांडणं, जोड्या, अंडी घालणं. अकरानंतर उन्हातल्या टाचण्याही सावलीत किंवा गवताच्या तळाशी उतरतात. त्या वेळी तुम्हीही घरी असलेलं बरं. संध्याकाळी पाचनंतर परत एक फेरी होऊ शकते, पण कोकणात तेव्हा अडचण वाऱ्याची. दुपारपासून समुद्रावरून येणारे खारे वारे गवत एका जागी राहू देत नाहीत. पहाटेचे मतलई वारे हळू असतात आणि त्यांच्या आणि खाऱ्या वाऱ्यांच्या मधे थोडा वेळ हवा अगदी थांबते. कोळ्यांना ही वेळ नेमकी माहीत असते. फोटो काढणाऱ्यानेही ती माहीत करून घ्यावी.

बसायचं कसं

या छंदातलं निम्मं कौशल्य इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोणपाट किंवा जुनी सतरंजी घेऊन जा आणि पाण्याच्या कडेला, गवतापासून एक-दीड मीटरवर खाली बसा. उभ्या माणसाला टाचणी वरून दिसते आणि वरून ती म्हणजे एक रेघ. बसलं की ती डोळ्यांच्या उंचीवर येते. सूर्य पाठीमागे किंवा बाजूला ठेवा, पण तुमची सावली गवतावर पडू देऊ नका. सावली सरकली की एका झटक्यात पाच-सहा उडतात. कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे.

मग पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. सुरुवातीला काहीच दिसणार नाही. पाचव्या-सहाव्या मिनिटाला गवताची एक काडी काडी नाही हे लक्षात येतं. एकदा एक दिसली की नजरेला तो आकार कळतो आणि शेजारी तीन आणखी सापडतात. ही गोष्ट मी शाळेतल्या मुलांना घेऊन जातो तेव्हा दर वेळी घडते, आणि पहिली टाचणी ज्या मुलाला दिसते त्याचा चेहरा पाहणं हा माझा त्या सकाळचा मोठा आनंद असतो.

जवळ दुर्बीण असेल तर ती किती जवळचं स्पष्ट दाखवते ते तपासा. पक्ष्यांच्या अनेक दुर्बिणी तीन-चार मीटरच्या आत निकामी ठरतात. पेंटॅक्सची पॅपिलिओ अर्ध्या मीटरवरचंही दाखवते. ती मिळाली तर कॅमेऱ्याशिवायही सकाळ भरून जाते.

पुढे सरकायचं असेल तेव्हा बसल्या बसल्या, वीतभर. टाचणी भक्ष्य खात असते तेव्हा किंवा दुसऱ्या टाचणीला हुसकायला उडते तेव्हा सरकावं. बऱ्याच जाती उडून पुन्हा त्याच काडीवर येतात, तेव्हा उडाली म्हणून उठू नका. तिची काडी लक्षात ठेवा आणि कॅमेरा तिथेच रोखून थांबा.

सावध झालेली टाचणी खारीसारखी काडीमागे सरकते. अंग काडीआड जातं आणि दोन डोळे दोन बाजूंनी बाहेर डोकावतात. अशा वेळी मोकळा हात हळूच लांबवून काडीच्या पलीकडे न्या. ती हातापासून लपायला तुमच्या बाजूला सरकते. घाई केली तर उडते. माझा हात पहिल्या उन्हाळ्यात दर वेळी घाई करायचा.

आधी या ओळखा

उन्हाळ्यातल्या तळ्यावर हमखास भेटणाऱ्या जातींपासून सुरुवात करा. मराठी नावं भागाभागांत वेगळी आहेत, म्हणून शास्त्रीय नावांचीही सवय लावून घ्यावी.

सेरिआग्रिऑन कोरोमँडेलियानम ही सगळ्यात सोपी. नराचं पोट लिंबासारखं पिवळंधमक, त्यावर एकही ठिपका नाही, छाती हिरवट. लांबी सुमारे साडेतीन ते चार सेंटिमीटर. वर्षभर दिसते आणि गवतात खाली खाली बसते.

इश्नुरा सेनेगालेन्सिसच्या नराचं पोट वरून काळं असतं आणि शेवटाकडे एक निळा दिवा लावल्यासारखा आठवा खंड चमकतो. टाचणीच्या पोटाचे दहा खंड असतात. ते मोजायची सवय इथूनच लावा, कारण पुढे ओळख बहुतेक वेळा ‘निळा रंग कितव्या खंडावर’ यावरच ठरते. हिच्या जवळची इश्नुरा रुबिलिओ, तिच्या नराचं पोट पिवळसर आणि टोक निळं.

अ‍ॅग्रिओक्नेमिस पिग्मिया इतकी लहान, की ती आधी डास वाटते. जेमतेम दोन सेंटिमीटर. नराच्या काळ्या छातीवर पोपटी पट्टे आणि पोटाचं टोक विटकरी. वय वाढलं की नराच्या छातीवर पांढरी भुकटी चढते आणि तो वेगळ्याच जातीचा वाटतो. कोवळी मादी लाल असते, पुढे हिरवट होते. एकाच जातीचे इतके वेश पाहून पहिल्या वर्षी गोंधळ होतो. तो झाला पाहिजे, त्यातूनच रंगावर विसंबू नये हे कळतं.

स्यूडाग्रिऑन मायक्रोसेफालम आकाशी निळी, त्यावर काळ्या रेघा. पाण्यालगतच्या गवतावर आणि तरंगत्या पानांवर बसते. तिची नातलग स्यूडाग्रिऑन रुब्रिसेप्स, तिच्या नराचा चेहरा शेंदरी. समोरून फोटो घेतला तर चुकायचं कारण नाही.

सावलीच्या कडेला कोपेरा मार्जिनिपेस शोधा. नराचे पाय पिवळे. हिची नुकती पंख फुटलेली पिल्लं जवळजवळ पांढरी असतात. झुडपाखालच्या अंधारात ती हलली की अंगावर शहारा येतो, इतकी ती वेगळी दिसतात.

कोकणात असाल तर आणखी एक: सेरिआग्रिऑन सेरिनोरुबेलम. छाती निळसर हिरवी, पोट दोन्ही टोकांना नारिंगी आणि मधे काळं. ही दुसऱ्या लहान टाचण्यांना पकडून खाते. मी तिला पिग्मिया खाताना पाहिलंय, डोक्यापासून सुरुवात करून. याच सेरिआग्रिऑन गटातली एक नवी जात, सेरिआग्रिऑन क्रोमोथोरॅक्स, २०१९ मध्ये सिंधुदुर्गातून शास्त्राला माहीत झाली. रोजच्या जायच्या-यायच्या वाटेवरच्या पाणथळीत इतकं रंगीत काहीतरी अजून नाव न मिळालेलं असू शकतं, हे मला तेव्हापासून विसरता येत नाही.

फोटो

टाचणीच्या फोटोतली मुख्य अडचण एकच, स्पष्टतेची जाडी. हिशेब करून पाहा. डीएसएलआर किंवा मिररलेसच्या एपीएस-सी सेन्सरवर चार सेंटिमीटरची टाचणी चौकटभर घ्यायची तर साधारण अर्ध्या आकाराचं प्रतिबिंब, म्हणजे एकास दोन, लागतं. तेव्हा एफ ८ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) फक्त दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा थर स्पष्ट येतो. टाचणीचं पोट तेवढंच जाड. म्हणजे ती कॅमेऱ्याला अगदी समांतर असेल तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी स्पष्ट येईल, आणि जरा तिरकी असेल तर डोकं स्पष्ट, शेपटी धूसर. म्हणून लेन्सपेक्षा तुमची मान आणि कंबर महत्त्वाची. सेन्सर टाचणीच्या अंगाला समांतर येईपर्यंत स्वतःला वळवा. एफ ११ वर थोडी सवलत मिळते, त्यापुढे फोटो मऊ पडायला लागतो. पिग्मियाला चौकटभर घ्यायला गेलात तर थर पाऊण मिलिमीटरवर येतो. तिचा फोटो थोडा लांबूनच घ्यावा आणि नंतर कापावा.

माझी नेहमीची मांडणी अशी: ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो (जवळचं मोठं टिपणारी) लेन्स, एफ ८, शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो पण १६०० च्या वर न जाणारा. वारा असेल तर शटर १/५००. फोकस हाताने, एकदा लावून ठेवायचा आणि मग अंगच किंचित पुढेमागे झुकवायचं. डोळा स्पष्ट झाला की तीन-चार फोटो सलग. कोपर गुडघ्यावर टेकवा. तिपाई मी सोडून दिली, काठावर ती गवत हलवते.

मॅक्रो लेन्स नसेल तर हातातल्या झूम लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारं पोकळ नळकांडं) लावा किंवा पुढे रेनॉक्सचं २५० नंबरचं भिंग अडकवा. पक्ष्यांसाठीची ३०० मिलिमीटरची लेन्स ट्यूबसकट फार चांगलं काम देते, कारण अंतर राहतं आणि टाचणी घाबरत नाही.

मोबाइलवाल्यांनी क्लिपच्या भिंगाच्या नादी लगेच लागू नये. त्याला विषय तीन-चार सेंटिमीटरवर लागतो आणि इतक्या जवळ फक्त पहाटेची झोपलेली टाचणीच जाऊ देते. त्याऐवजी दुप्पट किंवा तिप्पट टेलिफोटो वापरा, एक फुटावरून घ्या आणि नंतर कापा. मोबाइल मागच्या गवतावर फोकस करतो ही सगळ्यांची तक्रार. ज्या काडीवर ती बसली आहे तिच्या जाड भागावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद करा आणि मग चौकट सरकवा.

फ्लॅश वापरायचा तर त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर लावा आणि ताकद कमी ठेवा. उघडा फ्लॅश टाचणीच्या चकचकीत अंगावर पांढरे डाग पाडतो. पहाटेच्या उजेडात तो लागतही नाही. पार्श्वभूमी लांबची निवडा. मागे दोन मीटरवर पाणी असेल तर सगळी चौकट आपोआप शांत होते.

ओळख पटवायला एक सुंदर फोटो पुरत नाही. बाजूने एक, वरून एक, समोरून चेहरा, आणि पोटाच्या शेवटच्या तीन खंडांचा जवळून एक. नराच्या शेपटीच्या टोकाशी जे चिमटे असतात त्यांच्या आकारावर कितीतरी जाती ठरतात. चारही मिळाले तर जाणकार नाव सांगू शकतात. रंगीत पण धूसर फोटोवरून ते काही सांगणार नाहीत, आणि सांगूही नये.

नुसतं बसलेलं नाही, करत असलेलं टिपा

नऊच्या सुमारास जोड्या दिसायला लागतात. नर शेपटीच्या चिमट्यांनी मादीची मान धरतो आणि दोघं एकामागे एक उडतात. मग मादी पोट वाकवून नराच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडाशी जोडते आणि बदामाचा आकार तयार होतो. नराचं बीज तयार होतं नवव्या खंडात, पण देण्याची जागा पुढे दुसऱ्या खंडाखाली, म्हणून त्याला ते आधी स्वतःच तिथे नेऊन ठेवावं लागतं. काही जातींचा नर आधीच्या नराचं बीज खरवडून काढतो आणि मगच आपलं देतो. नंतर मादी अंडी घालेपर्यंत तो तिची मान सोडत नाही त्यामागचं कारणही हेच.

पिवळ्या कोरोमँडेलियानमची जोडी अंडी घालताना पाहणं चुकवू नका. मादी पाण्यालगतच्या देठात पोट खुपसते आणि नर तिच्या मानेवर शेपूट रोवून हवेत ताठ उभा राहतो, पाय आवळून, खांबासारखा. जोड्या कामात असतात तेव्हा सहसा उडत नाहीत, त्यामुळे नवख्यालाही फोटो मिळतो. काही जातींच्या माद्या देठावरून उतरत पूर्ण पाण्याखाली जातात. दिसेनाशी झाली तर थांबा.

छातीच्या खालच्या बाजूला लाल मण्यांसारखे गोळे दिसले तर ती अंडी नव्हेत. ते पाण्यातले कोळीकिडे, टाचणीच्या अंगावर जगणारे. त्यांचाही फोटो घ्या. काडीला चिकटलेली, पाठीवर चिरलेली कोरी कात सापडली तर शेजारी नुकती बाहेर पडलेली टाचणी असेल, पंख काचेसारखे चकाकणारे, अंगाला रंग नाही. तिला मुळीच हलवू नका. या वेळी पंख वाकला तर तो पुन्हा सरळ होत नाही.

काठावरची शिस्त

फोटोत आड येतं म्हणून गवत कापू नका, बाजूला करा आणि परत सोडा. टाचणीला पकडून, थंड करून, मनासारखं बसवून फोटो काढणारे असतात. तो फोटो मला पाहवत नाही.

उन्हाळ्यात पाण्याच्या कडेला साप येतातच. बहुतेक वेळा ती पाणदिवड असते, पण गवतात घोणसही असू शकते. बसायच्या आधी काठीने जमीन आपटा, बूट घाला. सांगलीकडे कृष्णेच्या काठी मगरी आहेत. तिथे आणि अशा कुठल्याही नदीवर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्याजवळ बसू नका. सुकल्यासारखा दिसणारा चिखल वरून कडक आणि आतून गुडघाभर असतो. पाणी दोन लिटर, टोपी, आणि घरी सांगून निघणं.

आमच्याकडे गुरं पाण्यावर आणणारा माणूस थांबून विचारतोच, “काय शोधतास?” त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर टाचणी मोठी करून दाखवा. या तळ्यावर तो तुमच्याआधी तीस वर्षं येतोय. पाणी कधी आटतं, कुठल्या कोपऱ्यात झरा आहे, हे तोच सांगेल, आणि तो झरा सापडला की मेअखेरीला टाचण्या कुठे गोळा होतील ते कळतं.

नोंद

वही ठेवा. तारीख, वेळ, ऊन की ढग, पाण्याची कड कुठे होती (मी एका दगडापासून पावलं मोजतो), कुठली जात किती, काय करत होती. दिसली नाही तेही लिहा. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाणासह टाका. तिथे आणि चतुर-टाचण्यांना वाहिलेल्या ओडोनाटा ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर तुलनेसाठी भारतातले भरपूर फोटो आहेत. नावाची खात्री नसेल तर गटाचं नाव देऊन थांबा.

मेच्या शेवटी वळीव पडतो. दुसऱ्या सकाळी चुकवू नका, गवतावर नव्या कातींची गर्दी असू शकते. त्यानंतर पाणी चढायला लागलं की तुमच्या दहा पावलांतलं लव्हाळं आधी बुडतं आणि टाचण्या वरच्या गवतात, मग शेतांकडे सरकतात. दर चार दिवसांनी जाऊन त्या कुठपर्यंत पोचल्या ते पावलांनी मोजत राहा. माझ्या वहीत गेल्या वर्षीची शेवटची नोंद १९ जूनची आहे: दगड पाण्याखाली, काठावर एकच पिवळा नर, बांधापलीकडे भातरोपांच्या तरव्यात सात.